वाटाड्यांच्या दोन बोली



वसंत व्याख्यानमाला म्हटली की संतवाङ्मय, इतिहास, फार तर अर्थकारण अशा विषयांची श्रोत्यांस सवय असते. आम्ही आज बोलणार आहोत ते संगणकांच्या जाळ्यातील वाटाड्यांविषयी. चालकांनी विषय विचारला तेव्हा आम्ही तो सांगितला, आणि त्यांचा चेहरा पाहून घाईघाईने जोडले की, व्याख्यानात एकही यंत्र उघडून दाखविले जाणार नाही. ते वचन आम्ही पाळणार आहोत. यंत्राच्या पोटात काय आहे ह्यापेक्षा ती यंत्रे एकमेकांस काय सांगतात, आणि सांगताना काय गाळतात, हाच आजचा विषय आहे.

आज पुण्याहून येथे कासार आंबोलीस येताना चांदणी चौकात आम्ही तिघांना रस्ता विचारला. रस्ता आम्हांस चांगला ठाऊक होता. विचारला तो व्याख्यानासाठी. पहिला एक कॉलेजातील मुलगा. तो म्हणाला, "भूगाव, भुकूम, पिरंगूट सोडा, पुढचं तुमचं." त्याने गावे मोजली. दुसरा रिक्षावाला. त्याने गावांची नावेही घेतली नाहीत. तो म्हणाला, "अंतर काय विचारता, रस्ता कुठं रुंद आणि कुठं अडतो ते विचारा. पिरंगुटाच्या चौकातनं सुटलात की झालं." तिसरा मालमोटारीचा जुना चालक. त्याने सांगितले ते आणखीच निराळे : "आधी महापालिकेची हद्द, मग पीएमआरडीएची. कुणाच्या हद्दीत काय चालतं ते बघून जा."

तिघांनीही खरेच सांगितले. परंतु पहिल्याचे 'तीन' आणि रिक्षावाल्याचा अडलेला चौक ह्यांची बेरीज करता येत नाही. आणि चालकाच्या हद्दींचा हिशेब ह्या दोघांच्याही खिजगणतीत नाही.

संगणकांच्या जाळ्यात जागोजाग राउटर नावाची यंत्रे बसविलेली असतात. राउटर म्हणजे वाटाड्या. त्याच्याजवळ एक वही असते. अमुक ठिकाणी जावयाचे असल्यास तमुक दिशेस जा, एवढे तीत लिहिलेले असते. ही वही कोणी माणूस रोज भरीत बसत नाही. शेजारशेजारचे राउटर एकमेकांशी बोलून ती भरतात. त्यांच्या बोलण्याच्या ठरलेल्या रीतीला प्रोटोकॉल म्हणतात. आम्ही बोली म्हणू. ह्या बोली अनेक आहेत, आणि वर सांगितलेले तिघे त्यांतल्या तीन प्रमुख बोली बोलत होते.

गावे मोजणाऱ्या मुलाची बोली ती 'रिप'. तिचे लेखी नियम 1988 साली प्रसिद्ध झाले. ही फक्त टप्पे मोजते, आणि तेही पंधरापर्यंतच. सोळा म्हणजे तिच्या लेखी अनंत. तेथे जाताच येत नाही. रिक्षावाल्याची बोली 'ओएसपीएफ'. ही वाहिनीच्या रुंदीवरून प्रत्येक तुकड्याची किंमत ठरविते, आणि तिच्या वहीत आपल्या भागाचा सबंध नकाशा असतो. मालमोटारवाल्याची बोली 'बीजीपी'. दोन अभियंत्यांनी 1989 साली जेवणाच्या टेबलावर, कागदी रुमालांवर तिचा पहिला आराखडा लिहिला. आज जगातील मोठमोठी जाळी परस्परांशी ह्याच बोलीत बोलतात. ती टप्पे मोजीत नाही, रुंदीही मोजीत नाही. कोणकोणत्या स्वायत्त जाळ्यांच्या हद्दींतून हा मार्ग आला, त्यांची क्रमवार यादी ती प्रत्येक मार्गासोबत बाळगते. यादीत आपलाच क्रमांक दिसला की राउटर ओळखतो, ही तर आपलीच बातमी फिरून आपल्याकडे आली. आणि ती टाकून देतो. ही यादी म्हणजे मार्गाची वंशावळच समजा.

एकाच घरात दोन बोली असणे हे काही नवल नाही. जुनी कचेरी रिप बोलते, नवी ओएसपीएफ बोलते, बाहेरच्या जगाशी बीजीपीत बोलावे लागते. मग जेथे दोन बोलींची सीमा येते तेथे एखादा राउटर दुभाष्या म्हणून बसवितात. एका बोलीत शिकलेले मार्ग तो दुसरीत सांगतो. ह्या कामाला पुनर्वितरण म्हणतात. आणि आजचा आमचा सगळा विषय ह्या दुभाष्याच्या खुर्चीत बसलेला आहे.

आपल्यापैकी वडीलधाऱ्यांनी कुर्डुवाडीचे स्थानक पाहिले असेल. बार्शी लाइट रेल्वे तेथून 1897 साली निघाली. तिच्या रुळांची रुंदी अडीच फूट. आणि मुंबईहून येणाऱ्या मोठ्या गाडीची साडेपाच फूट. छोटी गाडी मोठ्या रुळांवर जाणे शक्यच नव्हते. म्हणून माल कुर्डुवाडीस उतरावयाचा, आणि हमालांच्या पाठीवरून दुसऱ्या डब्यात चढावयाचा. डबा बदलला तरी पोते तेच. पण ते कोठून निघाले, कोणाचे, कोठे जावयाचे, हे हमालास पोत्याकडे पाहून कळत नाही. ते कळते पोत्याला बांधलेल्या चिठ्ठीवरून. चिठ्ठी गळाली की शेंगांचे पोते शेंगांचेच राहते, परंतु ते बार्शीचे राहत नाही. उद्या कोणी ते उलट्या गाडीत चढवून बार्शीस परत पाठविले, तर हमालास दोष देता येणार नाही.

राउटरांच्या कुर्डुवाडीत नेमके हेच होते. रिपमधला मार्ग ओएसपीएफमध्ये चढविताना त्याचा टप्प्यांचा आकडा सोडून द्यावा लागतो, कारण पलीकडे टप्पे हे चलनच नाही. त्याच्या जागी दुभाष्या एक ठरीव आकडा लिहितो. एक लिहा, वीस लिहा, लिहिणाराच्या मर्जीवर. बीजीपीतील मार्ग आत आणला तर त्याची वंशावळ बाहेरच राहते, कारण आतल्या बोलीत वंशावळीचा रकानाच नाही. ह्या गोष्टी आम्ही पुस्तकात वाचल्या होत्या, परीक्षेतही लिहिल्या होत्या. त्यांचा अर्थ कळला तो मात्र नंतर.

काही वर्षांपूर्वी आम्ही एका शिक्षणसंस्थेच्या जाळ्याची देखभाल पाहत होतो. संस्थेचे नाव सांगत नाही, कारण चूक संस्थेची नव्हती, आमची होती. मुख्य कचेरी पुण्यात, तेथे ओएसपीएफ. शाखा ह्याच बाजूला, पिरंगुटाच्या पलीकडे. तेथील यंत्रे जुनी, म्हणून तेथे रिप. दोहोंना जोडणारी एक वाहिनी भूगावावरून येई. पावसाळ्यापूर्वी रस्ता खणला जातो आणि वाहिनी तुटते, हा अनुभव नेहमीचा. तेव्हा आम्ही आग्रह धरून घोटावड्याच्या बाजूने दुसरी वाहिनी आणविली. दोन्ही वाहिन्यांच्या शाखेकडील टोकांवर एकेक दुभाषी राउटर. दोघांनाही आम्ही एकच हुकूम दिला : रिपचे मार्ग ओएसपीएफला सांग, ओएसपीएफचे रिपला सांग, आणि सांगताना आकडा एक लाव. दोन वाहिन्या झाल्या म्हणून आम्ही निर्धास्त झालो. ते वर्षातले आमचे सर्वांत मोठे अज्ञान होते.

झाले ते असे. शाखेतील संगणककक्षाचा मार्ग भूगावच्या राउटरने रिपमध्ये ऐकला आणि पुण्यास ओएसपीएफमध्ये सांगितला. पुण्याहून तीच बातमी ओएसपीएफमधून घोटावड्याच्या राउटरकडे आली. त्याने ती बातमी रिपमध्येही ऐकलेली होतीच, अगदी शेजाऱ्याकडून. पण दोन बोलींतून एकच बातमी आली तर कोणती खरी मानावयाची, ह्याचा एक विश्वासक्रम राउटरात ठरलेला असतो. सिस्को कंपनीच्या राउटरांत ओएसपीएफला 110 आणि रिपला 120 असा आकडा आहे, आणि लहान आकडा अधिक विश्वासाचा. म्हणून घोटावड्याच्या राउटरने शेजाऱ्याचे ऐकले नाही. पुण्यावरून फिरून आलेले ऐकले. तेवढ्यावर थांबता तर लांबच्या वाटेने का होईना, काम झाले असते. पण हुकुमाप्रमाणे त्याने हा 'नवा' मार्ग पुन्हा रिपमध्ये सांगितला, आणि आकडा लावला एक!

शाखेच्या मधल्या राउटरापासून संगणककक्ष खरोखरी तीन टप्प्यांवर होता. घोटावड्याकडून मात्र त्याने ऐकले की, दोनच टप्पे. त्याने दोन निवडले. आता कक्षासाठी आलेले प्रत्येक उत्तर पुण्याहून भूगाव, तेथून मधला राउटर, तेथून घोटावडे, घोटावड्याहून पुन्हा पुणे, आणि पुण्याहून पुन्हा भूगाव, असे फिरू लागले.

तो शिष्यवृत्तीचे अर्ज भरण्याचा शेवटचा दिवस होता. मुली कळ दाबीत, पडद्यावर चक्र फिरे, आणि फिरतच राही. आम्ही पुण्याच्या कचेरीत बसून प्रत्येक राउटरास विचारीत होतो, "संगणककक्षाचा मार्ग आहे काय?" आणि प्रत्येक राउटर सांगत होता, "आहे." एकानेही नाही म्हटले नाही. संध्याकाळ झाली. शेवटी कंटाळून आम्ही शाखेतील सहकाऱ्यास कक्षाची तारच उपसावयास सांगितली. आता मार्ग मेला पाहिजे. अर्धा तास गेला. मार्ग वहीत जिवंतच! भूगाव पुण्याला सांगे, पुणे घोटावड्याला, घोटावडे मधल्या राउटरला आणि मधला राउटर भूगावला. मूळ कक्ष जाळ्यावर नव्हताच. त्याची बातमी मात्र चौघांच्या खांद्यांवरून फिरत होती. त्या वेळी डोक्यात प्रकाश पडला. घोटावड्याची वाहिनी बंद केली, आणि सगळे सुरळीत झाले. तोवर मुदत टळून गेली होती. दोन मुलींचे अर्ज राहिले.

त्यांपैकी एकीचे वडील दुसऱ्या दिवशी आले. शेतकरी गृहस्थ. त्यांनी आवाज चढविला नाही. आम्ही त्यांस वाट चुकल्याचे सांगितले. त्यांनी विचारले, "उत्तर निघालं होतं म्हणता. मग ते गेलं कुठं?" आम्ही सांगितले की, जाळ्यातील प्रत्येक पाकिटावर आयुष्याचा एक आकडा असतो, पुष्कळदा चौसष्ट, दर राउटरापाशी तो एकाने कमी होतो, आणि शून्य झाला की पाकीट टाकून देतात. म्हणजे ते फिरून फिरून वाटेतच संपले. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "आणि एवढ्या फेऱ्यांत कुणी विचारलं नाही, की तू इथनं मघाशीच गेलास?"

ह्या प्रश्नाला आम्ही त्या दिवशी उत्तर दिले नाही. खरे म्हणजे ह्याच प्रश्नावर जगातील अभियंते गेली तीस-पस्तीस वर्षे खपत आहेत.

येथे एक अवांतर गोष्ट सांगावीशी वाटते, कारण ती ह्याच तालुक्यातली आहे. मुळेचे पाणी मूळचे पूर्वेकडे वाहणारे. मुळशीच्या धरणातून ते बोगद्याने सह्याद्रीपलीकडे भिऱ्याच्या वीजघरात उतरविले, ते 1927 सालापासून पश्चिमेच्या समुद्रास मिळते. एका खोऱ्याचे पाणी दुसऱ्यात गेले, आणि त्यासाठी ज्यांच्या जमिनी बुडाल्या त्यांचा लढा सेनापती बापटांनी लढविला, हे येथे कोणास सांगावयास नको. पण यंत्रशास्त्राच्या दृष्टीने पाण्यास चिठ्ठीची गरज पडत नाही. भिऱ्याला उतरलेले पाणी आपण होऊन घाट चढत नाही. बातमीला उतार नसतो. ती ज्या दाराने गेली त्याच दाराने, वेष पालटून, परत येऊ शकते.

म्हणून चिठ्ठी. 1988 च्या रिपमध्ये चिठ्ठीला जागाच नव्हती. 1993 साली तिची दुसरी आवृत्ती निघाली, तीत मार्गासोबत टॅग नावाचा एक छोटा रकाना आला, सोळा बिटांचा. नियम असा की, हा टॅग ज्याने लावला त्याचा. वाटेतल्या राउटराने तो जसाच्या तसा पुढे द्यावा. ओएसपीएफमध्येही बाहेरून आलेल्या मार्गासाठी असा रकाना आहे, तो बत्तीस बिटांचा. ओएसपीएफ स्वतः त्या आकड्याचा काही अर्थ लावीत नाही. केवळ वाहून नेते. पोस्टमनने पत्र वाचावयाचे नसते, तसेच हे. परंतु एका दुभाष्याने चिठ्ठी लावली की दुसरा दुभाष्या ती वाचून म्हणू शकतो : हा मार्ग रिपमधूनच निघालेला आहे, ह्याला पुन्हा रिपमध्ये घेणार नाही.

ह्यात एक मेख आहे. बत्तीस बिटांच्या खिशात चार अब्जांवरचा आकडा मावतो. सोळा बिटांच्या खिशात 65,535 च्या वर मावत नाही. मोठ्या घरची चिठ्ठी लहान घरी जाताना फाटते. आणि मध्ये एखादे यंत्र रिपची पहिली आवृत्ती बोलणारे निघाले, तर चिठ्ठी फाटतही नाही, नाहीशीच होते.

बीजीपीच्या वंशावळीचे काय करावयाचे, हा प्रश्न ह्याहून अवघड. जाळ्यांच्या कारभाराची क्रमांकित परिपत्रके निघतात, त्यांना आरएफसी म्हणतात. त्यांतील 1403 क्रमांकाचे परिपत्रक 1993 सालचे आहे. ओएसपीएफच्या त्या बत्तीस बिटांच्या रकान्यात वंशावळ कशी कोंबावी, ह्याची योजना त्यात आहे. आम्हांस ती वाचताना नेहमी आगगाडीच्या तिसऱ्या वर्गात सबंध कुटुंब बसविणाऱ्या गृहस्थाची आठवण होते. एक बिट ही चिठ्ठी आपोआप लागली की माणसाने लावली हे सांगण्यास. एक बिट माहिती पुरी आहे की अपुरी हे सांगण्यास. दोन बिट यादी किती लांब हे सांगण्यास. त्यांत दोन आणि त्याहून अधिक सगळे एकाच मापाचे! बारा बिट व्यवस्थापकाच्या मर्जीचे, आणि उरलेले सोळा एका शेजारी जाळ्याच्या क्रमांकासाठी. बाकीची यादी बाहेर. ती बीजीपीच्या राउटरांनी एकमेकांस निराळी कळवावी. म्हणजे पूर्ण वंशावळ नाही, केवळ आडनाव! ही योजना पुढे मागे पडली. जाळ्यांचे क्रमांकच बत्तीस बिटांचे झाले, तेव्हा आडनावालाही जागा पुरेना. पण तिच्यातील प्रामाणिकपणा आम्हांस आवडतो. सगळे नेता येत नाही हे तीत कबूल आहे, आणि जे नेले ते अपुरे असल्यास तसे सांगण्यास बत्तीसांतले एक बिट राखून ठेवले आहे.

वंशावळ पुसली गेली तर काय होते, हे 1997 साली जगाने पाहिले. त्याच वर्षी ह्या गावात मुलींची सैनिकी शाळा निघाली, म्हणून ते साल येथे लक्षात ठेवण्यास सोपे. 25 एप्रिल रोजी अमेरिकेतील 7007 क्रमांकाच्या जाळ्यातून दुसऱ्यांचे हजारो मार्ग बाहेर पडले. दोन गोष्टी घडल्या होत्या. एक, त्या मार्गांमागची यादी नाहीशी झाली होती. सगळे जणू 7007 मध्येच जन्मले. दोन, त्यांचे बारीक बारीक तुकडे पडले होते. हा दुसरा प्रकार आपल्या पिनकोडावरून कळेल. श्रीराम भिकाजी वेलणकरांची ती योजना 1972 च्या स्वातंत्र्यदिनी सुरू झाली. '411 म्हणजे पुणे, माझ्याकडे द्या,' असे एकजण सांगतो, आणि '411030 माझ्याकडे द्या' असे दुसरा सांगतो. सदाशिव पेठेचे पत्र कोणाकडे जाईल? अधिक नेमके सांगणाराकडे. राउटरांचाही हाच नियम आहे. तेव्हा जगाचे टपाल एका लहान जाळ्याच्या दाराशी येऊन पडले. तो राउटर तोडल्यावरही त्याचे मार्ग इतर जाळ्यांच्या वह्यांत काही काळ फिरतच राहिले. आमच्या संगणककक्षासारखेच; फरक प्रमाणाचा.

एक चांगली गोष्टही सांगितली पाहिजे. समजा, एखाद्या बँकेची पुण्याची कचेरी आणि सोलापूरची शाखा दोन्हीकडे ओएसपीएफ बोलतात, पण मधली वाट दूरसंचार कंपनीच्या बीजीपीवरून जाते. पूर्वीच्या रीतीने पुण्याचे मार्ग सोलापुरास परके म्हणून उतरले असते. आपल्याच घरची माणसे पाहुण्यांच्या पंगतीला. 2006 सालच्या 4577 क्रमांकाच्या परिपत्रकाने ह्यावर तोड काढली. बीजीपीत प्रवेश करताना मार्गाला ओएसपीएफमधील त्याचे घराणे आणि प्रकार ह्यांच्या चिठ्ठ्या लावावयाच्या, आणि किंमतीचा आकडा बीजीपीच्या एका रकान्यात ठेवावयाचा. पलीकडचा दुभाष्या त्या वाचतो आणि मार्ग घरचा म्हणूनच उतरवितो. शिवाय उतरविताना एक बिट खुणेसाठी लावतो : हा वरून खाली आलेला आहे, ह्याला पुन्हा वर चढवू नका. ह्या एका बिटात त्या शेतकऱ्याचा प्रश्न आहे. तू इथनं मघाशीच गेलास ना?

हे सर्व इतके लांबविण्याचे कारण एवढेच की, अंतराचा आकडा हरवला तर फार तर लांबची वाट पडते. आरंभ हरवला तर वाटच उरत नाही, आणि तरीही वहीत ती असते. आमच्या धंद्यातील पुष्कळ मंडळी आकड्यांची काळजी फार करतात. हा आकडा त्या आकड्यात कसा बसवावा, ह्यावर रात्री जागवितात. आमचे मत असे झाले आहे की, प्रथम चिठ्ठी, मग आकडा.

त्या गृहस्थांकडे आम्ही पुढे एकदा गेलो. अर्ज राहिला तो राहिलाच. मुलगी दुसऱ्या वर्षी भरणार होती, आणि तिने तो भरला. आम्ही कागदावर चार चौकोन काढून त्यांस सगळा फेरा समजावून दिला. त्यांनी बोटाने तो दोनदा गिरविला, आणि घोटावड्याच्या चौकोनावर बोट ठेवून म्हणाले, "ह्याला नाव विचारायला शिकवा."

घोटावड्याची वाहिनी आम्ही पुढच्या आठवड्यात पुन्हा सुरू केली. रिपची जुनी आवृत्ती बोलणारे एक यंत्र होते, ते काढून टाकले. बाहेरून ओएसपीएफमध्ये आलेल्या मार्गांचा विश्वासाचा आकडा 110 वरून 130 केला, म्हणजे शेजाऱ्याचे म्हणणे आधी ऐकले जावे. आणि दोन्ही दुभाष्यांस चिठ्ठ्या लावावयास शिकविले. आकडा कोणता घ्यावा ह्यावर सहकाऱ्यांत थोडी चर्चा झाली. शेवटी शाखेकडून निघणाऱ्या मार्गांस 412 आणि पुण्याकडून निघणाऱ्यांस 411 लावला. पिनकोडाचे आरंभीचे तीन आकडे सर्वांस पाठ होते, आणि सोळा बिटांच्या खिशातही ते सहज मावत होते.